'कूल' शब्दाची कैफियत

इंग्रजीतील 'कूल' या एवढ्याशा शब्दावर आपल्याकडे दोन प्रकारचे निकाल दिले जातात, आणि दोन्ही निकाल देणारे न्यायाधीश साक्षीपुरावा न तपासताच आसनावर बसलेले असतात. पहिला निकाल भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांचा. ज्या शब्दाचा अर्थ थंड, शांत, उर्मट, झकास, चालेल, आपले भांडण नाही, असा वाटेल तो होऊ शकतो, त्याला मुळी अर्थच नाही. तो इंग्रजीच्या दिवाळखोरीचा दाखला आहे, असे हे म्हणतात. दुसरा निकाल जाहिरातवाल्यांचा आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या लेखकांचा. या शब्दात जे आहे ते मराठीत किंवा कोंकणीत सांगताच येत नाही, म्हणून तो जसाच्या तसा उचलावा आणि जागोजाग पेरावा, असे हे म्हणतात. आमचा या दोन्ही निकालांना विरोध आहे. पहिला अज्ञानातून आला आहे आणि दुसरा आळसातून. परंतु दोहोंच्या मुळाशी दोष एकच आहे. शब्द कोणाचा, तो कोणी घडवला, कशासाठी घडवला आणि मग तो कोणाच्या हाती गेला, हे विचारण्याची गरज दोघांपैकी कोणासच वाटत नाही. ती चौकशी आम्ही येथे करणार आहोत.

संस्कृताशी परिचय असणाऱ्या वाचकास 'कूल' म्हटले की प्रथम नदीचा काठ आठवेल. काठाला धरून असेल ते अनुकूल, त्याच्या उलट असेल ते प्रतिकूल. इंग्रजी शब्दाचा या कुळाशी काडीचाही संबंध नाही. तो जर्मानिक घराण्यातला. थंडी दाखवणारे 'कोल्ड' आणि 'चिल' हे त्याचे सख्खे भाऊ, जर्मन भाषेतला 'क्यूल' हा चुलत. तरीही ध्वनिसाम्याचा हा योगायोग आमच्या उपयोगी पडणारा आहे. कारण वर सांगितलेले दोन्ही न्यायाधीश नेमके काठावरच उभे आहेत, आणि काठावरूनच प्रवाहाची खोली सांगत आहेत.

प्रवाहात उतरून पाहिले तर काय दिसते? मूळ अर्थ साधा: फार उष्ण नाही, फार थंड नाही, असे. त्यातून मनाच्या वर्णनाकडे जाणे कोणत्याही भाषेस सहज असते, आणि इंग्रजीत ते फार पूर्वीच घडले. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये थीसियस बुद्धीला हे विशेषण लावतो. 'हॅम्लेट'मध्ये आई आपल्या प्रक्षुब्ध मुलास याच विशेषणाने धीराची विनवणी करते. येथवर हा शब्द आणि आपला 'थंड डोक्याचा' हे हातात हात घालून चालतात. पुढे वाटा फुटतात. अठराव्या शतकात तो पैशाला चिकटला. हेन्री फील्डिंगच्या १७४९ सालच्या 'टॉम जोन्स' कादंबरीतला एक जुगारी 'कूल' शंभर हरल्याचे सांगत उठतो, आणि गंमत अशी की तो उठतो तावातावाने. १८६०-६१ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये डिकन्सचा जो लोहार चार हजार पौंडांच्या मृत्युपत्राची बातमी सांगताना हेच विशेषण लावतो, आणि ती रक्कम थंड असल्यामुळे त्याला ती अधिक भरीव वाटते, अशी कोपरखळी डिकन्स मारतो. म्हणजे येथे अर्थ झाला: पुरेपूर, रोख, मोजून घ्या.

त्याच सुमारास तिसरी वाट दिसते. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये अब्राहम लिंकन यांचे ते प्रसिद्ध भाषण झाले. आम्ही संघराज्य मोडू आणि मोडल्याचे पाप तुमच्या माथी मारू, असे म्हणणाऱ्या दक्षिणेकडील गुलामगिरीच्या समर्थकांना उत्तर देताना लिंकन यांनी हाच शब्द वापरला, आणि लगेच कानाला पिस्तूल लावून, पैसे न दिल्यास खुनी तूच ठरशील, असे म्हणणाऱ्या वाटमाऱ्याची उपमा दिली. तेथे शब्दाचा अर्थ होता निलाजरा धीटपणा. आपण म्हणतो ना, 'काय हो तुमची हिंमत!' तोच सूर. यानंतर विसाव्या शतकातील वाटा आल्या: मोजके व संयत असे संगीत, चालू काळाशी सुसंगत असा माणूस, उत्तम असे काहीही, संमती, आणि भांडण मिटल्याची ग्वाही. नाम म्हणून वापरला तर तो 'तोल' होतो, आणि तो माणसाचा सुटतो. क्रियापद म्हणून वापरला तर 'जरा दमाने घे' होतो. त्याहून विलक्षण हे, की 'कूल' ही प्रशंसा आहे आणि त्याचा विरोधी 'हॉट' हीसुद्धा प्रशंसाच आहे. लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२५ साली ध्वनिमुद्रणासाठी जो वादकसंच उभा केला, त्याचे नावच 'हॉट फाइव्ह' होते.

हे पाहून शुद्धीवाले टाळी वाजवतील आणि म्हणतील, 'पाहा, आम्ही म्हणतो तेच! एका शब्दाला इतके अर्थ, म्हणजे भाषेला शिस्त नाही.' त्यांना आम्ही त्यांच्याच घरातले चार दाखले देतो. 'सैंधव आण' या वाक्याचे काय करावे? जेवणाच्या पानावर बसलेल्याने म्हटले तर मीठ आणावे; प्रवासास निघालेल्याने म्हटले तर घोडा आणावा. आपल्या शास्त्रकारांनी या उदाहरणावर पिढ्यान् पिढ्या विचार केला. संस्कृतास दिवाळखोर म्हणावे असे त्यांच्या मनातही आले नाही. अमरकोशाने तर अनेकार्थी शब्दांसाठी स्वतंत्र वर्ग राखून ठेवला. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो याची यादीच दिली: संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल, स्वर आणि आणखी काही. साध्या भाषेत सांगायचे तर, शब्दाचा अर्थ कोशात निजलेला असतो. त्याला जागे करतात बोलणारा, ऐकणारा, प्रसंग आणि आवाज. आणि संस्कृतापर्यंत तरी कशाला जावे? आपल्या 'लागणे' या क्रियापदाकडे पाहा. भूक लागते, झोप लागते, आग लागते, ठेच लागते, लग्न लागते, निकाल लागतो, नाद लागतो, गाव लागते आणि शेवटी वाटही लागते. परक्या विद्यार्थ्यास हा छळ वाटेल. आपणास त्यात कधीही गोंधळ वाटत नाही. तेव्हा अनेकार्थता ही दारिद्र्याची खूण नव्हे. बहुधा ती फार वापराची, फार हातांतून गेल्याची खूण असते. उंबरठा झिजला म्हणजे घर मोडकळीस आले असे कोणी म्हणत नाही. घर नांदते आहे, असे म्हणतात.

मग हा उंबरठा कोणाच्या पायांनी झिजला? येथे आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. आज हा शब्द जगभर ज्या अर्थाने फिरतो आहे, तो अर्थ त्याला शेक्सपिअरने दिला नाही, डिकन्सने दिला नाही आणि लिंकन यांनीही दिला नाही. तो अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी दिला. झोरा नील हर्स्टन या लेखिकेची १९३३ साली प्रसिद्ध झालेली 'द गिल्डेड सिक्स-बिट्स' ही कथा फ्लोरिडातल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत घडते, आणि तिच्यातल्या साध्या घरगुती बोलण्यात हा शब्द प्रशंसेच्या सुरात येतो. पुढे तो जॅझ वादकांच्या तोंडी रुळला. तो तेथे प्रचलित करण्याचे श्रेय बहुतेक वेळा लेस्टर यंग या सॅक्सोफोन वादकास दिले जाते. चार्ली पार्कर यांच्या १९४७ च्या एका ध्वनिमुद्रणाच्या नावात तो आहे. १९४९ व १९५० साली माइल्स डेव्हिस यांनी नऊ वादकांसह केलेली ध्वनिमुद्रणे १९५७ साली एकत्र प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या तबकडीच्या नावातच 'कूल'च्या जन्माची घोषणा होती.

पण या लोकांनाच हा शब्द का हवा होता? ज्या समाजाची गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली, परंतु ज्याला पुढची शंभर वर्षे दक्षिणेकडील राज्यांत वेगळ्या दाराने आत जावे लागले, वेगळ्या नळाचे पाणी प्यावे लागले, ज्यातला माणूस एखाद्या उद्धट शब्दासाठी झुंडीच्या हातून जाहीरपणे मारला जाऊ शकत होता, त्या समाजात राग ही परवडणारी वस्तू नव्हती. गोऱ्या माणसास राग आला तर तो 'तापट' ठरे. काळ्या माणसास आला तर तो गुन्हेगार ठरे. अशा ठिकाणी चेहऱ्यावरची रेषाही न हलू देणे ही केवळ शोभेची लकब राहत नाही, ते जिवंत राहण्याचे साधन होते. आणि त्या साधनाला त्यांनी लाचारीचे रूप येऊ दिले नाही, हे त्यांचे मोठेपण. 'मी गप्प आहे, कारण मला भीती वाटते' याचे 'मी गप्प आहे, कारण तू मला हलवू शकत नाहीस' असे रूपांतर त्यांनी केले. त्या रूपांतराचे नाव 'कूल'.

येल विद्यापीठातील कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी १९७३ साली या कल्पनेवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. तिची मुळे पश्चिम व मध्य आफ्रिकेत आहेत, योरुबा लोकांच्या 'इतुतु' या संकल्पनेत शीतलता म्हणजे सौम्यता, औदार्य आणि तंटा शमवण्याचे सामर्थ्य असा अर्थ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते मान्य केले तर हा शब्द इंग्रजीचा देह आणि आफ्रिकेचा आत्मा घेऊन उभा आहे, असे म्हणावे लागेल.

या शीतलतेची किंमत काय होती तेही पाहिले पाहिजे. लेस्टर यंग यांना १९४४ साली सैन्यात भरती व्हावे लागले. १९४५ साली मादक पदार्थांच्या आरोपावरून त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि त्यांची रवानगी जॉर्जियातील लष्करी बंदीशाळेत झाली. १९५९ च्या मार्चमध्ये, वयाच्या पन्नाशीपूर्वीच, त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी १७ ऑगस्टला माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही कीर्तिवंत तबकडी बाजारात आली, आणि आठच दिवसांनी, २५ ऑगस्टच्या रात्री, न्यूयॉर्कमधील 'बर्डलंड'च्या दाराबाहेर ते मोकळ्या हवेत उभे असता पोलिसाने त्यांना तेथून हलण्यास फर्मावले. ज्या इमारतीवर स्वतःचे नाव झळकत होते तिच्याच दारात, न हलल्याबद्दल, त्यांचे डोके रक्तबंबाळ करण्यात आले आणि त्यांना अटक झाली. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. पण डोक्यावरची खूण न्यायालयाला पुसता येत नाही. आणि याच १९५९ साली ग्वेंडोलिन ब्रुक्स या कृष्णवर्णीय कवयित्रीने शिकागोतील, शाळा सोडून खेळाच्या अड्ड्यावर वेळ घालवणाऱ्या पोरांवर आठ ओळींची एक कविता प्रसिद्ध केली. तिच्या नावातच हा शब्द आहे, आणि तिचा शेवट अकाली मरणात आहे. लक्षात घ्या, या शब्दाची अत्यंत कठोर तपासणी बाहेरच्या कोणी केली नाही; ती त्याच समाजातल्या कवयित्रीने केली. हे ढाल म्हणून घडवलेले साधन पोरांच्या हातात मुखवटा होते आहे, हे तिने ओळखले होते.

आता दुसऱ्या बाजूचा जमाखर्च पाहू. हर्स्टन यांची कथा १९३३ सालची, हे वर आलेच. त्याच १९३३ साली अमेरिकेत मेंथॉल घातलेली एक सिगारेट बाजारात आली. तिचे नाव हाच शब्द. फक्त आद्याक्षर बदललेले. मेंथॉलचा गुण असा की त्यामुळे घशाला गारवा भासतो आणि धूर खुपत नाही. जे विष एरवी खोकला आणून आपली वर्दी देते, ते मुकाट्याने आत जाते. १९६० नंतरच्या काळात मेंथॉल सिगारेटींच्या जाहिराती कृष्णवर्णीय वस्त्यांवर आणि त्यांच्या नियतकालिकांवर हेतुपूर्वक केंद्रित करण्यात आल्या. १९७५ पासून तर या सिगारेटीच्या नावाने जॅझचे महोत्सव भरू लागले. म्हणजे ज्यांनी शब्द घडवला, त्यांचेच संगीत पुढे करून, त्यांनाच, त्यांच्याच शब्दाच्या नावाने, धूर विकला गेला! अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी फार मोठी बहुसंख्या आजही मेंथॉलच ओढते. २००९ च्या कायद्याने इतर स्वादांच्या सिगारेटींवर बंदी आली, पण मेंथॉलला त्यातून वगळण्यात आले. २०२२ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने तिच्यावरही बंदीचा प्रस्ताव मांडला. जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. शब्दाची चोरी ही पुस्तकी तक्रार आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या शब्दाचा हिशेब फुफ्फुसांत मांडून पाहावा.

व्यापाराचा हात येथेच थांबला नाही. थॉमस फ्रँक यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या 'द कॉन्क्वेस्ट ऑफ कूल' या ग्रंथात, १९६० च्या दशकातील बंडखोर तरुणाईची भाषा अमेरिकन जाहिरातधंद्याने किती उत्साहाने आपलीशी केली, याची तपशीलवार हकीकत दिली आहे. बंडाचा पोशाख दुकानात टांगला गेला. बंड तेवढे दुकानाबाहेर राहिले. आपल्याकडे यालाच 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतात. फरक इतकाच, की येथे नागोबाने बीळ बळकावून वर मुंगीलाच भाडे मागितले.

या व्यापारी प्रवासात शब्दाच्या अर्थाचे काय झाले, हे मराठी वाचकाने बारकाईने पाहावे. जेथे तो घडला तेथे त्याचे दहा अर्थ परस्परांशी बांधलेले होते. संकटात न डगमगणारा म्हणून आदरणीय. आदरणीय म्हणून अनुकरणीय. अनुकरणीय म्हणून उत्तम. आणि उत्तम म्हणून मान्य, अशी ती साखळी होती. पहिली कडी संकटाची. बाजाराने पहिली कडी तोडली आणि शेवटच्या तीन विकायला काढल्या. आपल्या दाराशी जो 'कूल' आला तो हा, कडी तुटलेला. म्हणून आपल्या वापरात तो बूट, बूच, सुट्टी, आजी, देव आणि निवडणुकीतला उमेदवार या सर्वांना सारख्याच सहजतेने लागतो. जन्मस्थानी जो शब्द श्रीमंत होता, तो आपल्याकडे खरोखरच भिकारी होऊन आला आहे. शुद्धीवाल्यांच्या तक्रारीत तथ्य आहे ते एवढेच, आणि तेही त्यांच्या लक्षात आलेले नाही.

'परंतु याला मराठीत शब्द नाही,' हे दुसऱ्या पक्षाचे पालुपद. आम्ही विचारतो, कोणत्या अर्थाला? धोनीस 'कॅप्टन कूल' म्हणतात, तेथे 'थंड डोक्याचा', 'धिमा' किंवा 'अविचल' यांपैकी कोणता शब्द तोकडा पडतो? खेळ आवडला तर 'झकास', 'फर्मास', 'भारी' आहेत. संमती हवी तर 'चालेल', 'बरे', 'हरकत नाही' आहेत, आणि या तिन्हींत सूक्ष्म भेद आहे: 'चालेल' म्हणणारा थोडे सोडून देतो, 'बरे' म्हणणारा ऐकून घेतो, 'हरकत नाही' म्हणणारा आपला हरकत घेण्याचा हक्क राखून बोलतो. रुसवा गेला तर 'मनात काही नाही' हे वाक्य आहे, आणि त्याहून सुंदर वाक्य आम्हास कोणत्याही भाषेत ठाऊक नाही. पाहुण्याचे स्वागत कोमट झाले तर 'थंडे स्वागत' आहे. हिंमत खचली तर माणूस 'गार पडतो'. समाधान झाले तर जीव 'निवतो'. कोंकणी वाचकापाशी 'बरें' आणि 'सोबीत' आहेत. एका परक्या शब्दाच्या सोयीसाठी या सर्वांना रजा द्यायची, म्हणजे दहा कामकरी माणसे काढून त्यांच्या जागी एक बाहुले उभे करायचे. बाहुले देखणे असेल. पण ते 'हरकत नाही' असे म्हणू शकत नाही, आणि वेळ आली तर 'हरकत आहे' असेही म्हणू शकत नाही.

येथे कोणी म्हणेल, उसने शब्द घेतल्यानेच भाषा वाढतात. मग हा कडवेपणा कशाला? मान्य. पगार, चावी, बटाटा, पाव हे पोर्तुगिजांकडून आले, आमच्या घरात बसले, आणि आता त्यांना परके म्हणणाराच परका ठरेल. परंतु ते आपापली वस्तू घेऊन आले. पगार हातात पडला, चावीने कुलूप उघडले. 'कूल' आपली वस्तू घेऊन आला नाही. तो आपल्याकडच्या वस्तूंवर चिकटवण्याची चिठ्ठी होऊन आला.

आणि ज्यांचा तो शब्द, त्या लोकांशी आमचे नाते नवीन आहे, असे कोणी समजू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादक आपला संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर आलेल्या टेडी वेदरफर्ड याने आपले उरलेले आयुष्य या बाजूस घालवले आणि १९४५ साली कलकत्त्यात देह ठेवला. अशा वादकांच्या संगीतावर गोव्याच्या वादकांची एक पिढी वाढली. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना रसिक 'चिक चॉकोलेट' म्हणून ओळखतात, त्यांचा ट्रंपेट आणि आमच्या सी. रामचंद्रांच्या चाली यांची गाठ १९५१ च्या 'अलबेला'त पडली, ती याच वाटेने. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलेले होते. उसनवारी कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे. या तरुणांनी त्या लोकांकडून पोशाख घेतला नाही, लढा घेतला. आणि तेथल्या गिळलेल्या रागाऐवजी येथे बोललेला राग मराठी कवितेत आणला. जाहिरातीतून शब्द येण्याच्या कितीतरी आधी माणसे आणि त्यांची दुःखे आपल्यापर्यंत पोहोचली होती. मग आज तोच शब्द आपण दुकानदाराच्या हातून, माणसांचे नाव पुसून, का घ्यावा?

हा प्रश्न केवळ परक्यांच्या शब्दाचा नाही. जे त्यांच्या शब्दाचे झाले ते आपल्या शब्दांचेही होते आहे. या शतकाच्या आरंभी एका पेयाच्या जाहिरातीने 'थंडा' या हिंदीतील सर्वांच्या शब्दाचा अर्थ आपलेच पेय, असा डांगोरा पिटला, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलांनीही तो हसत हसत मान्य केला. गोव्याचा 'सुशेगाद' पाहा. पोर्तुगीज 'सोसेगादु'पासून आलेला, शांत, निश्चिंत, समाधानी असा त्याचा अर्थ. दिवसभर शेतात, मानशीवर किंवा होडीवर राबून संध्याकाळी बल्कांवावर टेकणाऱ्या माणसाचा तो शब्द. पर्यटनाच्या भित्तिपत्रकांनी त्यातले राबणे वगळले आणि टेकणे तेवढे ठेवले. आता 'सुशेगाद' म्हणजे आळशी, आणि गोवेकर म्हणजे सुशेगाद, असे समीकरण बाहेरून येणारा पाहुणा विमानतळावरच शिकतो. दोन्ही शब्दांची गोष्ट एकच आहे. कष्टातून कमावलेली शांती बाजार उचलतो, कष्ट कापून टाकतो आणि उरलेली शांती सुट्टीच्या भावाने विकतो. जो समाज दुसऱ्याच्या शब्दाची अशी कापणी मुकाट्याने पाहतो, त्याला आपल्या शब्दासाठी ओरडण्याचा अधिकार उरत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. या शब्दावर बहिष्कार घालावा असे आम्ही म्हणत नाही. बहिष्काराने शब्द मरत नाहीत, आणि या शब्दाने मरावे असा काही गुन्हाही केलेला नाही. पण मराठी व कोंकणी कोशकारांनी तो नोंदवताना 'थंड. छान' एवढ्यावर सुटका करून घेऊ नये. तो कोणाच्या मुखातून आला ते एका ओळीत तरी लिहावे. अनुवादकांनी जेथे जेथे तो येईल तेथे तेथे थांबून विचारावे: येथे हा धीर आहे, उद्धटपणा आहे, संमती आहे की नुसती वाहवा? आणि त्या त्या अर्थाचा आपला शब्द कामाला लावावा. शिक्षकांनी मुलांच्या तोंडून तो ऐकला तर रागावू नये. लेस्टर यंग यांचे वादन ऐकवावे आणि त्यांची हकीकत सांगावी. ज्यास ती हकीकत कळली, तो हा शब्द बुटाला लावताना क्षणभर थबकेल, आणि एवढे थबकणे आम्हास पुरेसे आहे.

कोणाचा शब्द आपण उच्चारतो तेव्हा त्याच्या घरातली वस्तू आपण हातात घेत असतो. ती वापरावी, जपावी, आणि मालकाचे नाव विचारले तर ते सांगता यावे, एवढी सभ्यता आपण भांड्याकुंड्यांच्या बाबतीत पाळतोच. शब्दांच्या बाबतीतही ती पाळावी, इतकीच आमची मागणी आहे.